सेकंदाला बावीस मीटर

क्लेम फॉर्मच्या अकराव्या रकान्यात
लोक एकच शब्द लिहितात: अचानक.
अचानक कुत्रा. अचानक डंपर.
अचानक वळण, जे तिथे तेवीस वर्षं आहे.
नेरुळच्या एका दंतवैद्याने लिहिलं होतं,
अचानक भिंत.
सतरा वर्षं मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारते
आणि यार्डात जाऊन पेडल बघते.
ब्रेकचं रबर, अडकलेली चप्पल, दुमडलेली मॅट.
कागद फिरवता येतो, पेडल नाही.

नवी गाडी मार्चात घेतली.
शोरूममधला पोरगा, मिसरूडही धड नव्हतं,
स्टिअरिंगवरचं बटण दाखवत म्हणाला,
मॅडम, एकदा वेग लावून द्या
आणि पाय सोडून द्या.
मी म्हटलं, कुठे?
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

आज पहाटे पावणेसहाला चेंबूरहून फ्रीवेवर चढले
आणि ऐंशीला बटण दाबलं.
पाय आधी बावरला.
अधांतरी राहिला जरा, लग्नघरात
काम न मिळालेल्या पाहुण्यासारखा,
मग मागे सरकला, सँडलमधून टाच काढली, टेकला.
माहुलच्या बाजूला रिफायनरीची ज्योत.
मी शिवडीच्या यार्डाचा विचार करत होते,
मग आईच्या मोतीबिंदूचा,
मग उसळीत मीठ घातलं की नाही याचा.
गाडी आपली जात होती,
कुरकुर नाही, जांभई नाही.
बोगदा आला आणि गेला.
आला असणार. गेला असणार.

पुढे, जिथे खाली मिठागरं संपतात,
डाव्या लेनमध्ये एक जुनी व्हॅन.
एकही दिवा नाही, मागचं दार वर,
एक माणूस उकिडवा बसून जॅक फिरवतोय
आणि शाळेच्या गणवेशातली एक मुलगी
दोन्ही हातांनी मोबाइलचा उजेड धरून उभी.

ऐंशीच्या वेगाला सेकंदाला बावीस मीटर.
हे मी कोर्टात सांगते, पाण्याचा घोट न घेता.
माझ्या पायाने आधी सँडल शोधली.
मग पेडल.

थांबले तेव्हा मधे किती अंतर उरलं, मोजलं नाही.
मला मोजता येतं, म्हणून मोजलं नाही.

मुलीने उजेड माझ्या तोंडावर मारला.
एका वेणीला रिबीन, दुसरी तशीच.
काकू, पाना आहे का? बाबांचा स्लिप होतोय.
त्यांना काही कळलंच नव्हतं.
मी पाना दिला. मुलीला पुढे, कठड्याशी उभी केली.
डिकीतला लाल त्रिकोण घेऊन
सत्तर पावलं मागे चालत गेले
आणि उजवा पाय सबंध वेळ थरथरत होता,
सुट्टीवरून उशिरा हजर झालेल्या कारकुनासारखा.
केतकी, उजेड इकडे धर, तो म्हणाला. मग मला,
ताई, कशाला एवढं, दोन मिनिटांचं तर काम.
मी म्हटलं, दोन मिनिटांत अडीच किलोमीटर होतात.
तो मान हलवून नट आवळत राहिला.

परत येऊन बसले. बटण तसंच उजळलेलं,
काचेखाली बारीक आकडा.
दाबलं की होतं तिथून पुढे.
गाडीच्या लक्षात ऐंशी होता.
माझ्या लक्षात बोगदा नव्हता.

शिवडीपर्यंत पायानेच चालवली, पन्नासने,
मागून दोघांनी हॉर्न दिले, देऊ दिले.

यार्डात पहिला फॉर्म कुणा घागांचा.
अकरावा रकाना, तोच शब्द,
च दोनदा गिरवलेला.
लाल पेनाचं टोपण काढून बसले.
इद्रिस मिस्त्री दारातून ओरडला,
मॅडम, नुसता बंपर, की रेडिएटरपण लिहायचा?